उलटी टेप

माझ्या टेबलाच्या खणात शिंप्याची पिवळी टेप आहे. पोटावर लावताना आकडे खाली ठेवायचे, ओटीपोटाच्या हाडापासून गर्भाशयाच्या माथ्यापर्यंत ताणायची आणि मगच उलटून वाचायची. आकडा आधी दिसला की हात लबाडी करतो. चोविसाव्या आठवड्यानंतर जितके आठवडे तितके सेंटिमीटर, दोन इकडेतिकडे. छत्तिसाव्या आठवड्यात एकतीस भरले, की मी पुन्हा मोजायची. तेवढ्यात सासूबाई विचारायच्या, "पोट लहानच आहे का हो डॉक्टर?"

पूर्वी अडीच किलोखालचं मूल म्हणजे अपुऱ्या दिवसांचं, एवढाच हिशेब होता. १९६१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. १९६३ मध्ये डेन्व्हरच्या लुला लुबचेन्को यांनी आठवड्यांनुसार वजनाचा तक्ता मांडला. दिवस भरूनही बाळ आत उपाशी असू शकतं, वार थकू शकते, हे आता आकड्यांत दिसू लागलं. १९७७ मध्ये डब्लिनहून नाळेतला रक्तप्रवाह तपासणाऱ्या डॉपलरची बातमी आली.

पण कळल्यावर करायचं काय? ते ज्याच्या त्याच्या स्वभावावर. मी घाबरट, सदतीस भरले की कळा आणायची. वरिष्ठ रागवायचे, "गर्भाशयाचं तोंड उघडलेलं नाही, सिझर ओढवून घेशील!"

याचा निकाल लावायला घेतला तो नेदरलँड्सने, घरच्या बाळंतपणाची चाल आजही टिकवून असलेल्या देशाने. २००४ ते २००८ या काळात बाळ खुरटल्याचा संशय असलेल्या, छत्तीस आठवड्यांपुढच्या ६५० बायका घेतल्या. चिठ्ठी टाकावी तशा निम्म्यांना कळा आणल्या, निम्म्या देखरेखीखाली थांबल्या. 'डिजिटॅट' नावाच्या या अभ्यासाचा निकाल २०१० मध्ये आला: बाळाला त्रास कळा आणलेल्यांत ५.३ टक्के आणि थांबलेल्यांत ६.१ टक्के, सिझर दोन्हीकडे १४ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे वरिष्ठांची भीती खोटी आणि माझी घाईही फुकट! थांबलेल्यांची बाळं दहा दिवस उशिरा आली, सरासरी १३० ग्रॅमने भारी. पण अगदीच खुरटलेली, तिसऱ्या शतमकाखालची, त्यांच्यातच जास्त निघाली. अडतिसाव्या आठवड्याआधी काढलेल्यांना मात्र नवजात कक्षात जास्त जावं लागलं.

माझी एकच कुरबुर आहे. पुण्याजवळच्या सहा गावांतल्या अभ्यासात दिवस भरलेल्या बाळांचं वजन सरासरी २.७ किलोच्या आसपास निघालं होतं. डच तक्ता लावला तर आमची निम्मी गावं खुरटलेली ठरतील.

आता डॉपलर चांगला, पाणी पुरेसं, हालचाल नेहमीसारखी असेल तर मी अडतीसपर्यंत थांबते. डॉपलर बिघडला तर थांबत नाही.