जितेपणी सातबाऱ्यावरचे नाव सोडू नये

"बाबा, जितेपणीच पोराइच्या नावानं करून टाका, मंग भांडण नाही राहत." रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत, वाशीम जिल्ह्यात हा सल्ला शहाणपणाचा समजला जातो. त्यामागची कारणे पोकळ नाहीत. मृत्यूनंतर वारसांच्या फेरफारावर हरकती येतात, भावंडे कोर्टाची पायरी चढतात. शिवाय मुलाला शेतजमीन बक्षीस देताना मूळ मुद्रांक शुल्क अवघे 200 रुपये लागते.

तरीही हा सल्ला घातक आहे. बक्षीसपत्राने मालकी हयातीतच जाते आणि नंतर पस्तावून ते एकतर्फी रद्द करता येत नाही. सातबाऱ्यावरचे नाव गेले की पीककर्जाचा आधार तुटतो, पीएम-किसानचा हप्ताही जातो. सोयाबीनच्या पट्टीचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात पडतात आणि औषधालाही हात पसरावा लागतो. भांडण मिटत नाहीच. म्हाताऱ्या माणसाचे बळ तेवढे जाते.

"2007चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे ना!" असे यावर म्हटले जाते. त्याच्या कलम 23 नुसार, सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता अट मोडल्यास उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडून परत मिळू शकते. पण अट असावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये सुदेश छिकारा खटल्यात बजावले. जानेवारी 2025 मध्ये उर्मिला दीक्षित खटल्यात त्याच न्यायालयाने कायद्याचा उदार अर्थ लावून आईला मालमत्ता परत दिली. मात्र तिथे मुलाचे सांभाळाचे लेखी वचनपत्र समोर होते. बिनशर्त सही करणाऱ्याकडे असे काय असते?

म्हणून मृत्युपत्र हाच बरा मार्ग. दोन साक्षीदारांसमोर ते करता येते आणि हयातीत केव्हाही बदलता येते. नोंदणी सक्तीची नसली तरी करावी. ज्याला लाभ होणार त्याला साक्षीदार करू नये. मृत्युपत्रालाही आव्हान मिळते, हे खरे. पण त्या खटल्यात म्हातारपण उपाशी राहत नाही. वडिलोपार्जित जमिनीत मात्र फक्त स्वतःच्या हिश्श्याचेच मृत्युपत्र होते, आणि 2005 पासून तिथे लेकीचा वाटा लेकाइतकाच आहे. तिच्याकडून दबावाने हक्कसोड घेणे हीसुद्धा लुबाडणूकच. हयातीत वाटणी करायचीच, तर तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली करावी आणि आईवडिलांचा हिस्सा त्यांच्याच नावावर ठेवावा.

यात मुलांवर अविश्वास नाही. सांभाळणाऱ्या मुलाचे थांबण्याने काहीच जात नाही. न सांभाळणाऱ्याच्या हाती मात्र आयुष्यभराची कमाई लागत नाही.