पोलादाला भोकं पाडणारा कार्ल बॉश

१९०९ साली फ्रिट्झ हाबरने प्रयोगशाळेत हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करून दाखवला. 'बीएएसएफ' या जर्मन रसायन कंपनीतल्या जाणत्यांना मात्र धडकी भरली. हवेच्या शंभरपटीहून जास्त दाब, शिवाय पाचशे-सहाशे अंशांची उष्णता. असं यंत्र कारखान्यात उभं करायचं कसं? जोखीम घ्यावी असं ठामपणे म्हणाला तो तिथलाच कार्ल बॉश, वय ३४.

त्याला लोखंडाची जाण होती. वडिलांचा कोलोनमध्ये नळ आणि गॅसच्या सामानाचा व्यवसाय. स्वतः त्याने लोखंडाच्या कारखान्यात उमेदवारी केलेली, धातुशास्त्र शिकलेलं आणि मगच लाइपझिगला रसायनशास्त्रात डॉक्टरेट घेतलेली.

तरी त्या यंत्राच्या पहिल्या नळ्या सुमारे ८० तासांत फुटल्या. बॉशने फुटलेलं पोलाद कापून तपासलं, तेव्हा कारण सापडलं: तापलेला हायड्रोजन पोलादात शिरून त्यातला कार्बनच खेचून घेत होता आणि धातू ठिसूळ होत होता. मग त्याने आत मऊ लोखंडाचं अस्तर घातलं. त्यात कार्बन नगण्य, त्यामुळे बिघडण्यासारखं काही नव्हतं. दाब पेलायला बाहेरून पोलादाचं जाड कवच आलं आणि त्या कवचाला बारीक भोकं पाडली. अस्तरातून झिरपलेला वायू भोकांतून निमूट निघून जाई. दाब सोसणाऱ्या भिंतीलाच भोकं पाडायची, हा विचार सुचायला धातूवर हात बसलेला माणूसच हवा होता. तिकडे सहकारी आल्विन मिटाशने महागड्या ऑस्मियमऐवजी हजारो चाचण्यांतून लोखंडाचा स्वस्त उत्प्रेरक शोधला. सप्टेंबर १९१३मध्ये जर्मनीतल्या ओपाऊचा कारखाना सुरू झाला.

वर्षभरात महायुद्ध पेटलं. ब्रिटिश नाकेबंदीने चिलीचा सोरा बंद झाला, आणि खतासाठीचा अमोनिया दारूगोळ्याकडे वळला. पुढे २१ सप्टेंबर १९२१ला ओपाऊतच खताच्या साठ्याचा स्फोट होऊन पाचशेहून अधिक माणसं मेली.

१९२५मध्ये बॉश 'आय. जी. फार्बेन' या महाकाय उद्योगसमूहाचा प्रमुख झाला. १९३१मध्ये त्याला रसायनशास्त्रज्ञ बेर्गियससोबत नोबेल मिळालं. पण त्याने हट्टाने रेटलेला कोळशापासून पेट्रोल करण्याचा प्रकल्प तोट्यात होता, आणि डिसेंबर १९३३मध्ये त्याला आधार दिला तो हिटलरच्या सरकारबरोबरच्या कराराने. ज्यू शास्त्रज्ञांच्या हकालपट्टीला त्याचा विरोध होता. सरकारचा रोष असतानाही जानेवारी १९३५मध्ये तो ज्यू कुळातल्या हाबरच्या स्मृतिसभेला गेला. करार मात्र कायम राहिला. ही विसंगती त्याच्या कर्तृत्वाखाली झाकून चालणार नाही.

२६ एप्रिल १९४० रोजी तो हायडेलबर्गला वारला. त्यानंतर फार्बेनने आउशवित्झला कैद्यांच्या श्रमावर कारखाना बांधायला घेतला. १९४८मध्ये न्यूरेंबर्ग इथे कंपनीच्या १३ अधिकाऱ्यांना शिक्षा झाल्या.

आपल्याकडे ट्रॉम्बे आणि थळला होणाऱ्या युरियाचा अमोनियाही हाबर-बॉश पद्धतीनेच तयार होतो. त्या जोडनावातला बॉश आपल्या शाळांमध्ये हाबरइतकाच नीट शिकवला जायला हवा, त्याच्या नळ्यांसकट आणि त्या करारासकट.