एक मिळकत, दोन सरकारे

काही वर्षांपूर्वी चतुर्थीला नात्यातले एक काका घरी आले. पंचवीस वर्षे लिस्बनमध्ये काढून गोव्यात परतलेले. तिथला फ्लॅट भाड्याने दिलेला. आरती झाल्यावर पिशवीतून पोर्तुगीज कागद काढून म्हणाले, "बाबू, तू सरकारी माणूस. भाड्यावर तिथे कर घेतला, आता इथेही भरा म्हणतात. एकाच गाईची धार दोघांनी काढायची?"

माझे खाते वेगळे. आयकराशी संबंध पगारापुरता. पण कला शाखेच्या माणसाला प्रश्नाच्या मुळाशी जायची खोड असते. शोधत गेलो, तर काकांची तक्रार शंभर वर्षे जुनी निघाली.

पहिल्या महायुद्धात सगळ्याच देशांनी कर वाढवले आणि सीमेपलीकडे कमावणारा दोन्हीकडून पिळला जाऊ लागला. ब्रिटनने १९१६ साली साम्राज्यापुरती तात्पुरती सूट दिली. १९२० पासून ब्रिटन आपल्या दराच्या निम्म्यापर्यंत कर सोडू लागला आणि उरलेल्या सवलतीसाठी हिंदुस्थानच्या १९२२ च्या आयकर कायद्यात ४९ वे कलम आले. अमेरिकेने १९१८ च्या कायद्यात वेगळी वाट काढली: परदेशात भरलेला कर इथल्या करातून थेट वजा. यामागे टी. एस. अ‍ॅडम्स हे अर्थशास्त्रज्ञ होते. पुढे राष्ट्रसंघाने चार अर्थतज्ज्ञांना हाच प्रश्न घातला. त्यांचा अहवाल १९२३ चा. त्यांतले एक, लुइजी आयनाउदी, १९४८ साली इटलीचे राष्ट्राध्यक्ष झाले.

आपल्याकडे देशातल्या देशातही हा घोळ होता. ब्रिटिश मुलखात राहून संस्थानात कमावणाऱ्यासाठी १९३९ साली वेगळे नियम करावे लागले. फाळणी झाली आणि डिसेंबर १९४७ मध्येच भारत-पाकिस्तानला दुहेरी कराबाबत करार करावा लागला. माणसे आणि जमिनी वाटल्या गेल्या, तशी मिळकतही वाटली गेली होती.

गोव्यात भारतीय आयकर आला १९६३ साली. पोर्तुगालशी दुहेरी कराचा करार मात्र १९९८ मध्ये झाला आणि २००० पासून अंमलात आला. मुक्तीनंतर जवळजवळ चार दशकांनी!

हिशेब सोपा आहे. समजा, भाड्यावर तिथे २८ रुपये कर भरला आणि त्याच भाड्यावर इथे ३० होतो. तर २८ वजा, इथे भरायचे २. इथे २० च होत असेल तर २० वजा. वरचे ८ आपले सरकार परत देत नाही, कारण ते त्याच्याकडे आलेलेच नसतात.

गोंयकारांची गंमत पुढेच आहे. आपल्या समान नागरी कायद्याखालच्या नवरा-बायकोचे भाड्याचे उत्पन्न ५ए कलमाने निम्मे निम्मे धरले जाते. हे कलम १९९४ साली आले, पण लागू केले १९६३ पासून. म्हणजे भाडे दोघांचे आणि पोर्तुगीज पावती एकट्या काकांच्या नावाची. काकू म्हणाल्या, "संसार अर्धा माझा, पावती तेवढी ह्यांची!"

त्यात काकांचा फॉर्म ६७ उशिरा गेला. २०१७ पासून लागू झालेल्या १२८ व्या नियमाप्रमाणे तो विवरणपत्राच्या मुदतीत द्यायचा होता. सवलत नाकारली गेली. पुढे अपिलीय न्यायाधिकरणाच्या काही खंडपीठांनी, नुसत्या उशिराने हक्क बुडत नाही, असा निर्णय दिला आणि २०२२ साली मुदतही वाढली. तो आधार घेऊन काकांनी अपील केले. दीड वर्षाने वजावट मिळाली.

१ एप्रिल २०२६ पासूनच्या मिळकतीला २०२५ चा नवा कायदा आहे. कलमांचे आकडे बदलले, तत्त्व तेच. म्हणून तारवटी असोत वा लिस्बनवाले, परत येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगतो: तिथली कराची पावती फेकू नका आणि इथली तारीख चुकवू नका. दोन सरकारांमध्ये करार असतो, पण कागद न्यायचा असतो आपणच.