आम्लपित्ताची गोळी आणि दुर्मीळ अपायांचा शोध

#थ्रेड १/ पिंपळगाव राजा असो वा पुणे, ‘अ‍ॅसिडिटीची गोळी’ आज घरोघरी आढळते. बहुतेकांना ती सोसते, एखाद्यालाच बाधते. हा ‘एखादा’ वैद्यकाला कसा दिसू लागला, त्याचा हा इतिहास.

२/ १९१५ साली शिकागोच्या बर्ट्रम सिप्पी यांनी जठरव्रणावर दर तासाला दूध-साय आणि जोडीला क्षार देण्याचा उपचार मांडला. तो जगभर रूढ झाला. १९२३ मध्ये मात्र असे दिसले की, काही रुग्णांना या उपचारानेच डोकेदुखी, ओकाऱ्या होतात आणि मूत्रपिंडेही बिघडतात.

३/ पुढे जेम्स ब्लॅक यांनी जठरातील आम्लस्रावाला चालना देणाऱ्या हिस्टामिनची वाट अडवणारी औषधे शोधली. त्यांतील मेटियामाइडने व्रण भरत. पण मोजक्या रुग्णांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या. ते औषध सोडून द्यावे लागले. रेणूचा संशयित भाग बदलून सिमेटिडिन घडले व १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये विक्रीस आले. ब्लॅक यांना १९८८ चे नोबेल मिळाले.

४/ सिमेटिडिनही निर्दोष नव्हते. काही पुरुषांत स्तनवृद्धी, काही वृद्धांत संभ्रम दिसला. शिवाय यकृतात वॉरफरिन, फेनिटॉइन यांसारख्या औषधांचे विघटन मंदावून रक्तातील त्यांची मात्रा वाढे.

५/ १९८८ मध्ये ओमेप्राझोल आले. ते जठरपेशींतील आम्ल सोडणारा ‘पंप’च बंद करते. १९९२ मध्ये या औषधामुळे मूत्रपिंडाच्या ऊतींना तीव्र दाह झाल्याची नोंद झाली. २००६ मध्ये दीर्घकाळ सेवन करणाऱ्यांच्या रक्तातील मॅग्नेशियम धोकादायक पातळीपर्यंत घटल्याचे प्रसिद्ध झाले. त्याने पेटके, झटके येतात, हृदयाची लय बिघडते.

६/ हे आधीच का कळले नाही? उत्तर साध्या गणितात आहे. दहा हजारांत एकाला होणारा अपाय तीन हजार रुग्णांच्या चाचणीत बहुधा दिसतच नाही. तो दिसतो औषध लाखोंच्या हाती गेल्यावर, आणि तेही कोणी नोंद केली तरच.

७/ भारत १९९८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या औषध-निरीक्षण कार्यक्रमात सामील झाला. आरंभीच्या मोजक्या केंद्रांत मुंबईचे केईएम रुग्णालय होते. २०१० मध्ये देशव्यापी कार्यक्रम सुरू झाला. २०११ पासून त्याचे समन्वयन गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडे आहे.

८/ २०१९ मध्ये औषध महानियंत्रकांनी ‘पंप’ रोखणाऱ्या औषधांच्या माहितीपत्रकात मूत्रपिंडाच्या तीव्र इजेचा उल्लेख करण्यास सांगितले. १९९२ ची नोंद आणि हा आदेश यांत २७ वर्षांचे अंतर आहे.

९/ म्हणून गोळी टाकून द्यावी का? नव्हे. रक्तस्रावी व्रणाच्या रुग्णाला ती जीवदान देते. डॉक्टरांना न विचारता ती थांबवू नये. तशीच ती न विचारता वर्षानुवर्षे घेऊही नये. लघवी घटणे, ताप, अंगावर पुरळ, पेटके, छातीत धडधड अशी लक्षणे दिसल्यास घेत असलेल्या गोळीचे नाव डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

१०/ अपायाची नोंद रुग्ण स्वतःही करू शकतो. निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४. वर सांगितलेला प्रत्येक शोध कोणा एका रुग्णाच्या तक्रारीकडे कोणी तरी नीट लक्ष दिल्यामुळेच लागला. तो पुढचा रुग्ण बुलढाण्याच्या एखाद्या खेड्यातलाही असू शकतो.