डब्यावरचा एक शब्द

श्रोतेहो, आपल्या घरातल्या मोरीचा कोनाडा एकदा डोळ्यांपुढे आणा. धुण्याच्या पावडरीचा पुडा, फिनेलची बाटली आणि संडास धुण्याचे पातळ अ‍ॅसिड. हे अ‍ॅसिड बहुतेक घरी गोड सरबताच्या रिकाम्या बाटलीत असते, कारण बाजारच्या दिवशी ते सुटे मिळते आणि घेणाराने बाटली आपली न्यायची असते. त्या बाटलीवर सरबताचे चित्र तसेच राहते. आज मी तुम्हाला जो इतिहास सांगणार आहे, तो या कोनाड्याचा आहे. राजेरजवाडे त्यात फारसे नाहीत. एक फ्रेंच वैद्य आहे, एक अमेरिकन डॉक्टर आहे, आणि पुष्कळशी लहान मुले आहेत.

पूर्वी आपल्याकडे काय होते ते तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना ठाऊकच आहे. भांड्यांना चुलीची राख आणि नारळाची शेंडी, डोक्याला शिकेकाई, रेशमी लुगड्याला रिठा, आणि गावच्या कपड्यांना परटाची भट्टी. परीट कपड्यांवर बिबव्याची खूण घाली आणि मळके कपडे साजीखारात उकळून काढी. हा खार जमिनीतून मिळे, तसाच तळ्यातूनही मिळे. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारच्या सरोवराचे पाणी खारट आहे. अकबराच्या पदरी असलेल्या अबुल फजलाने 'आईन-ए-अकबरी'त मेहकरच्या बाजूचे वर्णन करताना, काच आणि साबण करण्याचा सगळा माल इथे मिळतो, असे लिहून ठेवले आहे. म्हणजे सोळाव्या शतकातसुद्धा आपल्या मुलखातला खार सरकारदरबारी नोंदण्याइतका मोलाचा होता.

पण एवढ्यावरून, जुने ते सगळे निर्धोक, अशी समजूत करून घेऊ नका. रिठ्याचा फेस माशांना विषारी असतो. ठिकठिकाणी लोक रिठे कुटून डोहात टाकीत आणि गुंगलेले मासे हातांनी वेचीत. कळीचा चुना डोळ्यांत गेला तर डोळा जातो. मात्र या जुन्या वस्तू थोड्या होत्या, आणि त्यांचा विखार किती ते घरातल्या बाईला पिढ्यान् पिढ्या माहीत होते. पुढे जे घडले, त्यात नेमकी हीच माहिती घरातून निघून गेली.

अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये सोड्याची टंचाई पडली. काच, साबण, कापड, सगळ्यांना सोडा हवा; आणि तो येई स्पेनच्या किनाऱ्यावरच्या वनस्पती जाळून केलेल्या राखेतून. तेव्हा साध्या मिठापासून सोडा करून दाखवील त्याला बक्षीस, असे जाहीर झाले. निकोला लब्लां नावाच्या वैद्याने ती युक्ती साधली आणि १७९१ साली तिचा हक्क मिळवला. बक्षीस मात्र त्याच्या हाती कधीच पडले नाही. राज्यक्रांतीत त्याचा कारखाना जप्त झाला, आणि दारिद्र्याला कंटाळून १८०६ साली त्याने जीव दिला. त्याची कृती पुढे इंग्लंडात गेली आणि तिथल्या कारखानदारांनी तिच्यावर गडगंज पैसा केला.

या कृतीत एक खोट होती. मिठावर गंधकाम्ल ओतले की पहिल्याच पायरीला एक झोंबरी वाफ निघे. ही वाफ पाण्यात विरघळली की तिचे होते हायड्रोक्लोरिक आम्ल, म्हणजे तुमच्या कोनाड्यातल्या बाटलीत आहे तेच. कारखानदार ती वाफ उंच धुराड्यांतून हवेत सोडून देत. भोवतालची झाडे वाळली, कुंपणे करपली, लोक खोकू लागले. विल्यम गॉसेज याने १८३६ साली वाफ पाण्यात जिरवणारा मनोरा बांधून दाखवला. पण उपाय सापडला म्हणून तो सगळे करतात असे थोडेच आहे! अखेर १८६३ साली इंग्लंडच्या पार्लमेंटाने कायदा केला, की या वाफेचा शंभरातला पंचाण्णव भाग जिरवलाच पाहिजे. हवेत विष सोडू नये म्हणून झालेल्या कायद्यांतला हा अगदी आरंभीचा कायदा. मौज अशी की जिरवलेले आम्ल काही कारखान्यांनी ओढ्यांत सोडले, आणि हवा वाचली तर पाणी नासले.

पुढे त्या आम्लातून क्लोरीन काढता येतो आणि क्लोरीन चुन्यात मुरवला की कापड पांढरे करायची पावडर होते, हे ध्यानात घेऊन कारखानदारांनी फेकून द्यायच्या वस्तूचेही पैसे केले. ही पावडर ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने १७९९ मध्येच काढली होती. शिक्षकमंडळींना आणि ग्रामपंचायतीच्या सभासदांना ती चांगलीच परिचयाची आहे. गावच्या विहिरीत टाकतात ती 'टीसीएल' हीच. तिला सरसकट दोष देणे कृतघ्नपणाचे होईल. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टराने १८४७ साली याच पावडरीच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये शंभरात अठरा बाळंतिणी दगावत होत्या, त्या जूनमध्ये दोनांवर आल्या. वस्तू एकच, कुठे, किती आणि कशाबरोबर वापरावी, एवढाच प्रश्न.

आता त्या अमेरिकन डॉक्टराकडे वळू. सोडा स्वस्त झाला तशी त्याची जहाल बहीणही स्वस्त झाली. धुण्याच्या सोड्यावर चुना घातला की कॉस्टिक सोडा होतो. अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतून बायका उरलेल्या चरबीत हा कॉस्टिक घालून घरीच साबण करीत, आणि तुंबलेली मोरी मोकळी करायलाही तोच ओतीत. किराणा दुकानात पत्र्याच्या डब्यातून तो साखरपिठाशेजारी विकला जाई. दिसायला पांढरा. पाण्यात विरघळला की पेल्यातले पाणी आणि तो यांत डोळ्याला फरक दिसत नाही.

कॉस्टिक चरबीचा साबण करतो, म्हणून तर तो साबणाला लागतो. पण आपल्या शरीरातही चरबी असते. लहान मुलाने एक घोट घेतला, की घशात आणि अन्ननलिकेत तेच सुरू होते. तिथले मांस विरघळते आणि दाह आत आत उतरत जातो. मूल त्यातून वाचले, तर पुढच्या काही आठवड्यांत जखम भरून येताना आकसते. अन्ननलिका अरुंद होते. आधी भाकरी उतरेनाशी होते, मग दूध, शेवटी पाणी. पोर डोळ्यांदेखत उपासमारीने वाळत जाते, आणि घरच्यांना वाटते की त्या दिवशीचे दुखणे तर केव्हाच बरे झाले.

पिट्सबर्ग शहरात शेव्हालिये जॅक्सन नावाचा घशाचा डॉक्टर होता. जन्म १८६५ चा. बारीक नळीतून उजेड सोडून थेट अन्ननलिकेत आणि श्वासनलिकेत पाहण्याची विद्या त्याने हयातभर घासून पुसून तयार केली. लोकांनी गिळलेल्या टाचण्या, नाणी, गुंड्या, हाडे तो शस्त्रावाचून बाहेर काढी आणि प्रत्येक वस्तू जपून ठेवी. अशा दोन हजारांवर वस्तू फिलाडेल्फियाच्या एका वैद्यकीय संग्रहालयात खणांतून मांडलेल्या आहेत. गृहस्थ जरा विक्षिप्तच म्हणायचा. पण त्याच्याकडे येणाऱ्या मुलांत टाचणीवाल्यांपेक्षा दुःखी मुले होती ती कॉस्टिकची.

१९३८ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने अशा एका मुलीची हकिगत लिहिली आहे. गरिबाघरची पोर. कॉस्टिक पोटात गेलेला, आणि आता घशाखाली पाण्याचा थेंबही उतरत नव्हता. जॅक्सनने नळी घातली, अरुंद झालेल्या जागी अडकून बसलेला एक गठ्ठा चिमट्याने काढला आणि तिला पाणी द्यायला सांगितले. तिने भीत भीत एक घोट घेतला. ठसका लागेल, पाणी परत येईल, असे तिला वाटत होते. पण पाणी उतरले. तिने दुसरा घोट घेतला, तोही उतरला. मग तिने पेला बाजूला सारला, डॉक्टराचा हात हातात घेतला आणि त्याचे चुंबन घेतले.

असा डॉक्टर कुणीही नावाजला असता, आणि जॅक्सनने तेवढ्यावर भागवले असते तरी चालले असते. पण त्याच्या मनाने घेतले की मी एकेका पोराचा घसा मोकळा करीत बसलो तर दुकानातून रोज डबे विकले जातच आहेत. त्याने ते डबे पाहिले. औषधाच्या दुकानात विष घेतले तर त्यावर 'विष' असे छापलेले असे. किराणा दुकानातल्या या डब्यावर तो शब्द नव्हता. मग अमेरिकन डॉक्टरांच्या संघटनेला बरोबर घेऊन तो कायदेमंडळांच्या दारी खेटे घालू लागला. आधी काही राज्यांत कायदे झाले, आणि ४ मार्च १९२७ रोजी अध्यक्ष कूलिज यांनी साऱ्या देशासाठीच्या कायद्यावर सही केली. कॉस्टिक सोडा, हायड्रोक्लोरिक आम्ल, गंधकाम्ल, कार्बोलिक, अमोनियाचे पाणी अशा जहाल द्रव्यांची यादी त्यात होती. ठराविक प्रमाणाच्या वर ते द्रव्य असेल, तर डब्यावर त्याचे नाव, 'विष' हा शब्द ठळक अक्षरांत, विकणाऱ्याचे नाव-ठिकाण आणि अपघात झाल्यास काय करावे, हे छापलेच पाहिजे. कायद्याने विक्री बंद केली नाही. डब्यावर एक शब्द छापायला लावला.

दुसऱ्या महायुद्धानंतर साबणाची जागा खनिज तेलापासून केलेल्या धुण्याच्या पावडरींनी घेतली. साबण नदीत गेला तर तिथले सूक्ष्म जंतू तो खाऊन टाकतात. ही पहिल्या पिढीची पावडर त्यांना पचेना. इंग्लंड, जर्मनी, अमेरिकेत बंधाऱ्यांखाली फेसाचे ढिगारे चढले, काही घरांच्या नळालाही फेस आला. पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये कायदा केला, अमेरिकेतल्या कारखान्यांनी १९६५ पर्यंत जंतूंना पचेल असे द्रव्य घातले. मग ध्यानात आले की पावडरीतल्या फॉस्फेटमुळे ईरी सरोवरात शेवाळ माजते आहे. त्यासाठी अमेरिका आणि कॅनडा यांनी १९७२ साली करार केला. आपल्याकडे अलीकडच्या वर्षांत आळंदीला इंद्रायणीच्या पात्रात पांढरा फेस तरंगताना वारकऱ्यांनी पाहिला आहे. तो काही एकट्या धुण्याच्या पावडरीचा नव्हे; कारखान्यांचे पाणी आणि वस्त्यांचे मैलापाणी शुद्ध न करता सोडल्याचा तो फेस आहे. तरी त्यात आपल्या मोरीचे पाणी मुळीच नाही असे म्हणता येणार नाही.

आता पुन्हा आपल्या कोनाड्याकडे. २०१३ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅसिडच्या सुट्या विक्रीवर निर्बंध घातले. दुकानदाराने नोंदवही ठेवावी, गिऱ्हाइकाची ओळख पटवावी, अठरा वर्षांखालच्याला विकू नये. तो हुकूम अ‍ॅसिडहल्ल्यांच्या खटल्यात झाला, पण घरातल्या पोरांनाही त्याचा आडोसा आहे. प्रत्यक्षात बाजारातली सरबताची बाटली भरली जातेच. जॅक्सनने जो शब्द डब्यावर आणण्यासाठी एवढी वर्षे घालवली, तो या बाटलीवर नाही. तिथे आंब्याचे चित्र आहे, आणि तुमच्या घरातल्या तीन वर्षांच्या पोराला वाचता येत नसले तरी आंबा ओळखता येतो. ती बाटली आजच बदला, निदान तिचे चित्र खरवडून काढा आणि ती उंच, कुलपात ठेवा. शाळेतल्या गुरुजींना आणि बाईंना सांगणे असे, की चौथी-पाचवीच्या मुलांना एक दिवस रिकाम्या डब्या-पुड्यांवरची बारीक अक्षरे वाचायला लावा. घरी जाऊन ती आईला वाचून दाखवतील.

दुसरे, संडासात अ‍ॅसिड ओतले असेल तर त्यावर टीसीएल किंवा कपडे पांढरे करायचे पाणी मुळीच टाकू नका. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. बेल्जममधल्या ईप्रच्या रणांगणावर २२ एप्रिल १९१५ रोजी सैनिकांवर सोडला तो हाच वायू. बंद संडासात त्याचे दोन श्वाससुद्धा छातीला फार होतात. चुकून असे झालेच, तर दार उघडे टाकून आधी बाहेर या.

आणि कुणी अ‍ॅसिड किंवा कॉस्टिक प्यालेच तर? आपल्याकडे मिठाचे पाणी पाजून ओकारी काढायची रीत आहे. ती इथे करू नका. जे जाताना एकदा जाळत गेले, ते वर येताना दुसऱ्यांदा जाळते. त्या काळच्या अमेरिकन डब्यांवर कॉस्टिकला उतारा म्हणून लिंबाचा रस किंवा व्हिनेगर द्या असे छापीत. आजचे डॉक्टर तेही नको म्हणतात. तोंड पाण्याने खळाळून धुवा, अंगावर सांडले असेल तर कपडे काढून भरपूर पाणी ओता, आणि १०८ ला फोन करून दवाखान्याची वाट धरा. मूल खेळू लागले, तोंडातले फोड बसले, तरी घरी ठेवू नका. आतली जखम आकसायला काही आठवडे लागतात, हे मघाशी सांगितलेच आहे. आणि निघताना ती बाटली बरोबर घ्या, म्हणजे पोटात काय गेले आहे ते डॉक्टरांना विचारत बसावे लागणार नाही.