झरणी आणि वळण

अक्षर हातानें घडतें असें आपण म्हणतों. पण इतिहास पाहूं जातां तें लेखणीनेंही तितकेंच घडविलेलें आढळतें. अमेरिकेंतील धांवत्या रोमन लिपीची हकीगत या दृष्टीनें उद्बोधक आहे.

प्लॅट रॉजर्स स्पेन्सर (१८००–१८६४) या लेखनशिक्षकानें लंबगोलावर आधारलेलें एक डौलदार वळण तेथें रूढ केलें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत शाळांत व पेढ्यांत त्याचीच प्रतिष्ठा होती. टोंकदार, लवचीक टांकावर खालीं येतांना भार दिला कीं त्याच्या दोन फांकी विलग होऊन रेघ जाड उमटे. वर जातांना तीच केसासारखी बारीक होई. या वळणाचें सारें सौंदर्य ह्या भारांत होतें. मात्र चार शब्द लिहावे आणि पुन्हा दौतीकडे वळावें, ही अडचण होतीच.

ती दूर करण्याची खटपट पुष्कळांनीं केली. न्यूयॉर्कच्या लुइस एडसन वॉटरमन यानें १८८४ सालीं जिचें पेटंट घेतलें, ती झरणी विश्वासार्ह ठरली. ऐन कराराच्या वेळीं कागदावर शाई सांडली व त्या रागांतून हा शोध लागला, ही प्रसिद्ध गोष्ट संशोधकांनीं उत्तरकालीन दंतकथा ठरविली आहे. खरी युक्ति निबेखालच्या पन्हळींत आहे. आंत हवा शिरल्यावांचून शाई बाहेर येत नाहीं; त्या पन्हळीच्या बारीक खांचांतून शाई खालीं उतरते आणि तितकीच हवा वर चढते. पुढें वॉल्टर शीफर यानें तरफेनें रबरी पिशवी दाबून शाई भरण्याची रीत काढली. तिचें पेटंट १९०८ चें आहे.

याच काळांत वळणही पालटलें. ऑस्टिन पामर याचें व्यापारी लेखनाचें पुस्तक १८९४ सालीं निघालें. त्यानें अलंकार छाटले, बोटांऐवजीं कोपरापुढील सबंध हात चालवावयास शिकविलें आणि वेगाला महत्त्व दिलें. कार्बनच्या प्रतींसाठीं ताठ निबाही निघाल्या. जाड-बारीक रेघांचा खेळ अशा रीतीनें ओसरला. लास्लो बीरो याच्या शोधावरून निघालेलें बॉलपेन न्यूयॉर्कच्या बाजारांत १९४५ च्या ऑक्टोबरांत आलें, आणि झरणीचीही सद्दी संपत आली. २०१० सालच्या सामाईक शालेय मानकांत धांवत्या लिपीचें नांवही नव्हतें. कॅलिफोर्नियानें मात्र २०२३ मध्यें कायदा करून ती पुन्हा शाळेंत आणली.

आज कांहीं लोक जुन्या झरण्या दुरुस्त करून जुनें वळण गिरवितात, तें कशासाठीं? काम चिकाटीचें आहे. जुनी पिशवी दगडासारखी कडक झालेली असते. मंद ऊब देऊन सांधा सोडवावा लागतो, तिचे तुकडे खरवडून काढावे लागतात आणि नवी पिशवी चपड्यानें चिकटवावी लागते. एबोनाइटचा दांडा पाण्यांत फार वेळ ठेवल्यास काळ्याचा तपकिरी पडण्याचें भय असतें. शेवटीं भिंगाखालीं निबेच्या फांकी सरळ कराव्या लागतात. पण अशी लवचीक निब हातांत घेऊन जुनें पत्र गिरविलें, म्हणजे लिहिणाऱ्यानें भार कोठें दिला आणि हात कोठें उचलला, हें उमजूं लागतें. आणि जें नुसत्या डोळ्यांना लागत नव्हतें, तें अक्षर लागतें.

महाराष्ट्राला हें सांगणें नको. आधीं शिरोरेषा ओढून, मग बोरू शक्य तों न उचलतां लिहावयाची आपली मोडी याच जातीची. रियासतकार सरदेसाई यांनीं पेशवे दप्तरांतील निवडक कागद १९३० ते १९३४ या काळांत ४५ खंडांत छापिले. तरी दप्तरांत न वाचलेले रुमाल अद्याप पुष्कळ आहेत. ते वाचणारे मात्र थोडे. ज्या घरांत आजोबांची मोडी पत्रें पेटींत पडून आहेत, त्या घरानें एक बोरू तासून अक्षर गिरवावयास आरंभ करावा. कागद कसर लागेपर्यंत थांबतो; वाचणारा हात त्याच्याही आधीं नाहींसा होतो.