बंदिवानाची इजा आणि राज्याचे उत्तरदायित्व

कारागृहात ठेवलेल्या माणसास शासनाच्या हयगयीमुळे इजा झाली, तर त्याची भरपाई शासनाकडून मागता येते काय, या प्रश्नाचे भारतीय कायद्यातील मूळ कारागृहात नसून कलकत्त्यातील खिदिरपूरच्या सरकारी गोदीपाशी आहे. तेथे कामगारांच्या हातून लोखंडाचा एक जड भाग रस्त्यावर पडला. त्या आवाजाने पेनिन्शुलर अँड ओरिएंटल या जहाज कंपनीच्या गाडीचा घोडा बुजला व जखमी झाला. ३५० रुपयांच्या या दाव्याचा निकाल १८६१ साली देताना सरन्यायाधीश सर बार्न्स पीकॉक यांनी सरकारला जबाबदार धरले. परंतु त्याबरोबरच एक भेदही घालून दिला. खाजगी व्यक्तीलाही करता येण्याजोग्या उद्योगात सरकार दाव्यास पात्र, सार्वभौम अधिकाराच्या वापरात मात्र अपात्र, असा तो भेद होय.

येथे 'सार्वभौम' या शब्दाकडे लक्ष देणे अगत्याचे आहे. ईस्ट इंडिया कंपनी स्वतः सार्वभौम नव्हती. तिचा अधिकार उसना होता. १८५८ च्या कायद्याने दाव्यांपुरते भारतमंत्र्यास कंपनीच्या जागी बसविले. पुढे १९१५ व १९३५ चे कायदे आणि संविधानाचा अनुच्छेद ३०० यांतून तीच मर्यादा वारशाने चालत आली. १९५० नंतर सार्वभौमत्व प्रजेकडे आले; पण प्रजेपैकीच एखाद्याने दाद मागितली असता तोच शब्द त्याच्याविरुद्ध ढाल म्हणून पुढे करण्यात येई.

१९६५ चा कस्तुरीलाल खटला याचे ठळक उदाहरण आहे. मेरठच्या पोलिसांनी एका व्यापाऱ्याचे जप्त केलेले सोने एका हवालदाराने लांबविले. पोलिसांची हयगय सिद्ध होऊनही सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांच्या घटनापीठाने दावा नामंजूर केला, कारण अटक व जप्ती ही सार्वभौम कृत्ये ठरली. मात्र ही स्थिती समाधानकारक नसून विधिमंडळाने कायदा करावा, असेही त्यांनी सुचविले. तत्पूर्वी १९५६ साली विधी आयोगानेही तशीच शिफारस केली होती. विधेयके मांडली गेली. कायदा झाला नाही.

विधिमंडळाने जे केले नाही, त्याची वाट न्यायालयांनी मूलभूत हक्कांच्या मार्गाने काढली. निर्दोष सुटल्यावरही चौदा वर्षे बिहारच्या तुरुंगात राहिलेल्या रुदुल शहा यांस १९८३ साली सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने भरपाई देवविली. १९९३ च्या नीलाबती बेहरा खटल्यात, अशा रिट अर्जात सार्वभौम संरक्षणाचा बचाव चालत नाही, हे स्पष्ट झाले. साध्या दिवाणी दाव्याचा प्रश्न मात्र शिल्लक होता.

तो सुटण्यास कोइलकुंटला येथील घटना कारण झाली. आंध्र प्रदेशातील या गावच्या दुय्यम कारागृहात एक पिता व पुत्र न्यायालयीन कोठडीत होते. जिवाला धोका असल्याचे त्यांनी आधीच कळविले होते. तरी पुरेसा पहारा ठेवला गेला नाही. मे १९७७ मधील एका रात्री त्यांच्या कोठडीत बाँब फेकण्यात आले. पिता ठार झाला, पुत्र जखमी झाला. कनिष्ठ न्यायालयाने दावा फेटाळला. १९८९ साली उच्च न्यायालयाने १,४४,००० रुपयांचा हुकूमनामा दिला आणि २००० साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. बंदिवान झाल्याने मनुष्य जीविताचा हक्क गमावीत नाही, आणि त्या हक्काच्या भंगापुढे सार्वभौम संरक्षणाची सबब टिकत नाही, हे त्या निर्णयाचे सार होय.

या निर्णयाचे मर्म साधे आहे. मोकळा माणूस संकट दिसताच पळून जाऊ शकतो; बंदिवानाची ती वाट राज्यानेच कुलूपबंद केलेली असते. म्हणूनच त्याच्या रक्षणाचा भार राज्यावर अधिक पडतो, उणा होत नाही. तथापि पाच न्यायमूर्तींचा कस्तुरीलाल निर्णय दोन न्यायमूर्तींच्या पीठाला रद्द करता येण्याजोगा नव्हता. तो केवळ निस्तेज झाला. गजेंद्रगडकरांनी सुचविलेला कायदा आजही झालेला नाही. जखमी बंदिवानाची दाद त्यामुळे अद्याप संहितेवर नव्हे, तर निवाड्यांच्या परंपरेवर अवलंबून आहे.